न्हाणीघरातला विस्तव

गॅस गीझर हे वाईट यंत्र नाही. हे सुरुवातीलाच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी तो उतरवून भंगारवाल्याला देईल आणि उद्यापासून बादलीत कॉइल सोडून बसेल. कॉइलच्या शॉकने जाणारी माणसंही काही कमी नाहीत. आमच्या घरी आजही गॅसचाच गीझर आहे. पाणी कढत येतं, वीजबिल आटोक्यात राहतं. फक्त तो आता बाथरूममध्ये नाही. नात्यागोत्यात आणि सोसायटीत कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी मी विचारते, ‘तुमचा गीझर कुठे लावलाय?’ त्यावरून माझी थट्टा होते. होऊ दे.

आम्ही नाशिककर. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा सहज दहाच्या खाली जातो. गॅस गीझर आमच्याकडे घरोघरी शिरला तो भारनियमनाच्या वर्षांत. सकाळी नेमकी आंघोळीच्या वेळेला वीज जायची आणि भिंतीवरचा इलेक्ट्रिक गीझर नुसता शोभेला उरायचा. टॉर्चच्या दोन मोठ्या सेलांवर ठिणगी पाडणारा, नळ उघडताच ‘टक-टक-टक’ करत पेटणारा हा डबा त्या काळात देवासारखा वाटला. पैशाचा हिशेबही पटणारा होता. 20 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला विजेचं अर्ध्या युनिटहून थोडं जास्त लागतं, गॅस लागतो 50 ते 60 ग्रॅम. शिवाय महावितरणच्या बिलात 100 युनिटांनंतर आणि मग 300 युनिटांनंतर दर चढतो, तो उंबरठा ओलांडायचा नसेल तर गीझर विजेवरून काढणं हा सरळ उपाय. त्यामुळे लोकांनी तो का घेतला, हे मला पुरेपूर कळतं.

आमचा फ्लॅट रीसेलचा. आधीच्या मालकांनी गीझर तसाच ठेवला होता, बाथरूममध्ये, शॉवरच्या समोरच्या भिंतीवर. बिल्डरनेच तिथे गॅसची नळी यायला भोक ठेवलं होतं, म्हणजे ती जागा अधिकृत म्हणायची. बाथरूम चार बाय सहा, उंची आठ फूट. वर काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी. थंडीत वारा येतो म्हणून त्या पट्ट्या बंद आणि फटींवर कुणीतरी पूर्वीच चिकटपट्टी लावलेली. दाराला खाली फट नाही, कारण पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिथे रबराची पट्टी. गीझरच्या डोक्यावर धूर बाहेर जायला जी तोंडं असतात, त्यांना पाइप नव्हता. अशी बाथरूमं आपल्याकडे हजारोंनी आहेत, आणि त्यात रोज आंघोळी होतात, आणि बहुतेकांना काही होत नाही. घोटाळा हाच आहे.

त्या दिवाळीला ताई आणि तिची मुलं आमच्याकडे आली होती. नरकचतुर्दशीची पहाट, घरात आठ माणसं, बाथरूम एक. उटणं, तेल, ओवाळणं, आणि मग एकामागून एक आंघोळी. दार उघडायचं, एक बाहेर, दुसरा आत, दार बंद. पहिल्या दोघातिघांना काही झालं नाही. मग माझ्या मुलाचं डोकं दुखायला लागलं. आई म्हणाल्या, पहाटे उपाशीपोटी उठलं की असंच होतं. भाच्याला मळमळलं, ते उटण्याच्या वासावर गेलं. शेवटी भाची गेली. तिचे केस लांब, तेल काढायचं म्हणजे वेळ लागणार हे गृहीत होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, गीझरची ती घरघर येत होती, सगळं रोजच्यासारखं. ताईने हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. नंतर यजमानांनी आणि शेजारच्या काकांनी खांद्याने दार तोडलं. भाची भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे उघडे, नळ चालू.

ती नंतर जे म्हणाली ते मी विसरलेले नाही. ‘मावशी, मला तुमच्या हाका ऐकू येत होत्या. कडी समोर दिसत होती. पण हात उचलत नव्हता.’ ज्यांना वाटतं, गुदमरायला लागलं तर आपण दार उघडून बाहेर येऊ, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. गुदमरायला होतच नाही. छाती नेहमीसारखी चालू असते, फक्त आत येणारी हवा उपयोगाची नसते. आधी पाय जातात, मग भान.

इस्पितळात नेलं. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 98 दाखवत होता, म्हणजे उत्तम. ईसीजी ठीक, डोक्याचा सीटी स्कॅन ठीक. ‘फिट आली असावी’ असं ठरलं आणि फिटच्या गोळ्या चालू करायचं बोलणं निघालं. लग्नाच्या वयाच्या मुलीला आपल्याकडे ‘फिट येते’ हा शिक्का म्हणजे काय, ते सांगायला नको. संध्याकाळच्या पाळीला आलेल्या एका तरुण डॉक्टरने केसपेपर वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का?’ मग एक वेगळी रक्ततपासणी झाली. तोवर बरेच तास गेले होते, मधे ऑक्सिजनही लावून झाला होता, तरीही रक्तात कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन 11 टक्के निघालं. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसात ते दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही.

त्या डॉक्टरने जे समजावलं, ते मी पुढे बऱ्याच ठिकाणी वाचून पक्कं केलं. गॅस पुरेशा हवेत जळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघते. हवेतला प्राणवायू कमी पडायला लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड निघायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट धरतो, आणि एकदा धरलं की लवकर सोडत नाही. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. बोटाला लावायचं यंत्र बिचारं फसतं. त्याला प्राणवायू धरलेलं आणि हा विषारी वायू धरलेलं हिमोग्लोबिन सारखंच लाल दिसतं. म्हणून 98. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच देऊन टाकलंय. बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेला माणूस फिट किंवा झटका समजून दाखल होतो, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. सगळ्यांना मात्र माहीत असेलच असं नाही. म्हणून तुमच्या घरात असं झालं तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिलं वाक्य हे सांगा: ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.’ आणि कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची तपासणी मागा. नाव अवघड आहे, कागदावर लिहून ठेवा. घरी आणल्यावरही काही आठवडे लक्ष असू द्या, कारण विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात फरक असा परिणाम काही जणांत उशिरा दिसतो.

आता हवेचा हिशेब. गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी तापवतो तेव्हा त्याचा बर्नर स्वयंपाकाच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट आग ओकत असतो. दहा मिनिटांच्या आंघोळीला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो आणि तेवढा नीट जळायला सुमारे 70 घनफूट हवा लागते. आमच्या त्या चार बाय सहा बाय आठच्या बाथरूममध्ये एकूण हवा 192 घनफूट. म्हणजे बंद दारामागच्या लागोपाठ तीन आंघोळींनी, बाहेरून हवा आली नाही तर, सगळा साठा वापरून होतो, आणि ज्योत त्याच्या बरीच आधी अर्धपोटी जळायला लागते. पहिल्याला काही होत नाही, शेवटच्याला होतं, ते यामुळे. वर एकदा सुरू झालेलं अर्धवट ज्वलन काजळी धरतं, काजळीने धुराची वाट अरुंद होते, त्याने ज्वलन आणखी बिघडतं. मेकॅनिकने आमच्या गीझरचं झाकण उतरवलं तेव्हा तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या मधल्या फटी दिसतच नव्हत्या, काळ्या लोकरीने भरल्यासारख्या झाल्या होत्या. त्याने पेटवून दाखवला. निळ्या ज्योतीऐवजी पिवळी, लांब, डुलणारी ज्योत. समोरची ती पारदर्शक खिडकी असते ती त्यासाठीच. पिवळं दिसलं की त्याच दिवशी बंद करा.

आमच्या आजोळी, सिन्नरला, तांब्याचा बंब होता. मधोमध धुराडं, खाली गोवऱ्या नि लाकडं. तो मागच्या पडवीत पेटायचा आणि पाणी बादलीने न्हाणीत जायचं. कडी लावून न्हाणीत बंब पेटवायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, कारण धूर दिसायचा आणि डोळे चुरचुरायचे. गॅसचा धूर दिसत नाही एवढ्या एका सबबीवर आपण विस्तव आत घेतला. इंग्लंडमध्ये, जिथे माझे दीर राहतात, 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार न्हाणीघरात गॅसचं उपकरण लावायचं तर त्याची हवा बाहेरून येणारी आणि धूर बाहेर जाणारा, खोलीशी संबंध नसलेलं बंदिस्त असंच लागतं. उघड्या ज्योतीचं लावायला मनाईच आहे. आपल्याकडे या छोट्या गीझरांसाठी आय.एस. 15558 हे मानक आहे. खोक्यावर आयएसआयचा शिक्का बघून घ्याच, पण शिक्का डब्याला असतो, भिंतीला नसतो. उत्तम कंपनीचा गीझर चुकीच्या भिंतीवर तितकाच घातक.

मग योग्य भिंत कोणती? बाथरूमची बाहेरची, उघड्यावरची. मोकळी गॅलरी, ड्राय बाल्कनी, डक्टकडची बाजू. गरम पाण्याचा पाइप आत न्यायचा, आग बाहेर ठेवायची. पण ड्राय बाल्कनीबद्दल एक गोष्ट कान पकडून सांगायला हवी. आपल्याकडे पावसाचं पाणी येतं, कबुतरं घाण करतात म्हणून लोक तिला अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग काचा लावून बंद करतात. काचा लागल्या त्या दिवशी ती बाल्कनी संपली, खोली झाली, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं असेल तर गीझरचा धूर थेट घरात. वर स्वयंपाकघरातली चिमणी चालू असली तर ती तो धूर आत ओढूनच घेते. कबुतरांसाठी जाळी लावा, काच नको. धुराचा पाइप काढला असेल तर त्याच्या तोंडालाही जाळी हवी, घरटं करायला कबुतराला त्याहून चांगली जागा मिळत नाही.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा मिळतं. फॅन हवा बाहेर फेकतो, पण फेकायला हवा आत यायला वाट हवी ना? दाराखाली फट नाही, खिडकी बंद, अशा बाथरूममध्ये पंखा नुसता गरगरतो, आणि गीझरला धुराचा पाइप असेल तर कधीकधी त्या पाइपातूनच उलटी हवा खेचतो, धुरासकट. पंखा हवा असेल तर दाराच्या खालच्या भागात जाळीचा झरोका पाहिजे. तरीही गीझर आत ठेवायला मी पंख्याच्या भरवशावर सांगणार नाही. नवीन गीझरांना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, तीही एका माणसाच्या लांबलेल्या आंघोळीपुरती. नळ बंद करून पुन्हा उघडला की घड्याळ नव्याने सुरू. दिवाळीच्या पहाटे किंवा धुळवडीला रंग काढताना तिचा काय उपयोग?

अलार्म घ्यायचा असेल तर दुकानात नीट बघून घ्या. ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जो पुढे करतात तो बहुधा सिलिंडरचा गॅस गळतोय का एवढंच सांगणारा असतो. तुम्हाला हवा तो कार्बन मोनॉक्साइडचा, ईएन 50291 लिहिलेला. तो 300 पीपीएमला तीन मिनिटांच्या आत ओरडतो, 50 पीपीएमला तासाभराने. वाफेने खराब होऊ नये म्हणून बाथरूमच्या आत नव्हे, दाराबाहेर पॅसेजमध्ये लावायचा. सिलिंडरच्या गॅसला वास मिसळलेला असतो म्हणून ‘काही झालं तर वास येईल’ अशी आपली खात्री असते. वास गळतीचा येतो. जळून निघालेल्या विषाला तो नसतो.

पाइपचा गॅस घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सिलिंडरच्या गॅसचे जेट आणि पाइपच्या गॅसचे जेट वेगळे. पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं. शेगडीचे जेट कंपनीचा माणूस बदलून देतो, गीझर मात्र विसरला जातो. मग कुणीतरी पिनेने भोक मोठं करतो. असा गीझर पुढे भाडेकरूबरोबर दुसऱ्या घरी जातो, तिथे सिलिंडरला लागतो, आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस सोडत पिवळ्या ज्योतीने जळत राहतो. जुना गीझर विकत घेऊ नये, ते यासाठी.

बाकी कुरबुरी सगळ्यांच्याच. सेल उतरले की डोक्याला शॅम्पू असतानाच पाणी गार होतं. वरच्या मजल्यावर टाकीचा दाब कमी असतो, ठिणगी पडत नाही. कुणी स्वयंपाकघरातला नळ उघडला की आत आंघोळ करणारा ओरडतो. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने आतल्या नळीत क्षार धरतात, धार बारीक होते, मेकॅनिककडून लिंबूसत्वाच्या पाण्याने ते काढून घ्यावे लागतात. दरवर्षी थंडीच्या तोंडावर हे काम आणि काजळी साफ करणं एकदमच उरकावं. नळी आयएसआयची नारिंगी, दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदलायची. शेगडी आणि गीझर एकाच सिलिंडरवर ‘टी’ लावून चालवू नका.

घरात कुणी असं आत अडकलं तर दार उघडून आधी माणूस ओढून मोकळ्या हवेत आणा, गीझरचा कॉक नंतर. आत थांबून तोंडावर पाणी मारत बसू नका, तीच हवा तुमच्याही फुप्फुसात जातेय. 108 ला फोन करा. शुद्ध लगेच आली तरी इस्पितळात न्याच. आणि बाथरूमला आतली जाड कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॅच लावा. आमचं दार तोडायला दोन धट्टे पुरुष लागले होते, दुपारी दोन वाजता घरात फक्त म्हातारं माणूस असतं.

भाची आता ठीक आहे. फिटच्या गोळ्या सुरू झाल्याच नाहीत. गीझर महिनाभरात बाहेरच्या गॅलरीत गेला. नवीन नळी, पाइप वाढवणं, भिंतीला भोकं, प्लंबरची मजुरी, सगळं मिळून आम्हाला आमच्या भागातल्या वन-बीएचकेच्या एका महिन्याच्या भाड्याहून कमी लागलं.

हा आकडा मी मुद्दाम भाड्यात सांगितला. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरला शिकायला आलेली मुलं चार-चार जण एका फ्लॅटमध्ये राहतात, सकाळी कॉलेजच्या घाईत एका बाथरूमात पाठोपाठ आंघोळी करतात, आणि वीजबिल वाढू नये म्हणून मालकाने तिथे गॅस गीझर लावलेला असतो. त्या मुलांना भिंतीला भोक पाडायची परवानगी नसते आणि बोलायची हिंमतही नसते. मालकांनो, पुढचा भाडेकरार करण्याआधी तो गीझर बाहेर काढा. आणि मुलांना खोली बघायला घेऊन जाणाऱ्या आईबाबांनो, डिपॉझिट किती हे विचारण्याआधी बाथरूमचं दार उघडून वर भिंतीकडे बघा.